चुकीच्या काठावरची टेकडी

सुप्रभाने रस्त्याच्या पलीकडून सत्यजितकडे सरळ पाहिलं आणि त्याला ओळखलं नाही. सिग्नल लाल होता. टोकियोतल्या ज्या बँकेचं काम त्याची कंपनी करत होती तिथलं मशीन सकाळपासून बंद पडलं होतं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना घरी पिटाळलं, आणि जपानात आल्यापासून पहिल्यांदाच तो दिवसाउजेडी कावासाकीला उतरून चालत घरी निघाला होता. हा रस्ता दिवसा असा दिसतो हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. पलीकडच्या फूटपाथवर त्याची बायको उभी होती, तिचा तो तांबडा कोट घालून, आणि तिच्या शेजारी फेल्टची टोपी घातलेला एक म्हातारा जपानी माणूस. दोघंही मान वर करून काहीतरी बघत होते. काय आहे म्हणून सत्यजितनेही पाहिलं, तर एका लाँड्रीची वरच्या मजल्यावरची खिडकी, एक एअरकंडिशनर आणि विजेच्या तारा. सुप्रभा त्या खिडकीकडे बोट दाखवून काही बोलली. म्हातारा हसला, आणि खिडकीत कुणी बाई उभी असावी तशी त्याने डोक्यावरची टोपी काढून मान लववली. खिडकीत कुणीही नव्हतं. मग सुप्रभाची नजर खाली आली, मोटारींवरून आली, सत्यजितच्या तोंडावर येऊन टेकली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. त्याने हात अर्धा वर केला होता. उचललेला हात आता कुठे ठेवायचा हे त्याला कळेना. त्याने तो केसांवरून फिरवला.

सिग्नल हिरवा झाला तरी त्याने रस्ता ओलांडला नाही. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, शिरला आणि मासिकांच्या मांडणीपाशी, काचेआड उभा राहिला. वाचता न येणारं मासिक उघडून तो बाहेर बघत होता. तिने टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. टाळण्यात निदान ओळख असते. भांडण झालं की ती चारचार दिवस त्याच्याकडे बघत नसे, पण त्या न बघण्यात तोच भरलेला असे. आजच्या नजरेत तो नव्हताच. आणि दुसरी गोष्ट, जी त्याने स्वतःशीही हळूच म्हटली: ती सुंदर दिसत होती. घरात ती अशी दिसत नसे. लग्न झालं त्या वर्षी, सातारा रस्त्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत, कधीतरी दाराशी उभी असताना अशी दिसे, मान थोडी उंच, ओठ किंचित उघडे, जसं काही कुणी हाक मारणार आहे. मग ओजस झाला, मग हे कावासाकी. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं ती त्याचं बोट धरूनच होती म्हणायची. तिकीट कसं काढायचं, दूध कुठलं आणि दही कुठलं, डॉक्टरला काय सांगायचं, सगळं त्याला विचारून. तो कंटाळा दाखवायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं. पुढे तिने जेवणाचे डबे भरायच्या एका कारखान्यात सकाळचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं, तिथल्या बायकांकडून भाषा उचलली, आणि हळूहळू विचारणं थांबलं. ते कधी थांबलं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता, कोंबिनीच्या काचेआड, आलं.

जेवताना त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कुठे होतीस आज?"

"सोन नदीच्या पुलावर," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. "का हो?"

"कुठल्या नदीच्या?"

"सोन. लिआँतली. फ्रान्समधली." मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला. गणपतीच्या सुमाराला. तुम्ही 'बरं, बरं' म्हणालात."

ओजस ताटातून मान वर न करता जपानीत म्हणाला, "बाबांना अजून माहीत नाही?"

"मी समोर उभा होतो," सत्यजित म्हणाला. "सिग्नलला. तू माझ्याकडे बघितलंस."

तिचा डाव हातातच राहिला. "खरंच? अगंबाई." आणि तिला हसू आलं, अगदी मनापासून. "एक माणूस उभा होता खरा. मला वाटलं, तिथलाच कुणीतरी. मी तुम्हाला लिआँचा माणूस समजले!"

तो हसला नाही. मग तिने सांगितलं, आणि सांगताना ती काहीच लपवत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. तो म्हातारा म्हणजे तळमजल्यावरचे होरिबे-सान. पहिल्या वर्षी तिने कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवला होता तेव्हा पिशवी परत आणून देणारे, आणि मग दारातच उकिडवं बसून जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, डबे असं वेगवेगळं मांडून दाखवणारे. तरुणपणी योकोहामाच्या एका रेशमाच्या कंपनीत होते. कंपनीने त्यांना लिआँला धाडलं, तिथे बरीच वर्षं काढली. बायको वारल्यापासून एकटेच. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. पण कावासाकीत चालायचा त्यांना कंटाळा येतो. म्हणून ते लिआँत चालतात. म्हणजे कावासाकीतच, पण हा कालवा म्हणजे सोन नदी, ती तामा नदी म्हणजे ऱ्होन, कालव्यापलीकडची जुनी बाजारगल्ली म्हणजे सँ-जाँची वस्ती. आज एक मोहल्ला, उद्या दुसरा. एकदा तिला सोबत घेऊन गेले, तिला आवडलं, मग तीही जायला लागली. नियम एकच: चालताना कशालाही इथल्या नावाने हाक मारायची नाही. जो चुकेल त्याने कॉफी पाजायची.

"पोरखेळ आहे," सत्यजित म्हणाला.

"आहेच की," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सकाळच्या गाडीत माणसांच्या पाठींमध्ये चेपून उभा असताना तो या गोष्टीची उलटतपासणी घेत असे. म्हातारा ऐंशीच्या घरातला. त्याचा मत्सर करायचा म्हणजे हसण्यासारखं. शिवाय सगळं उघड, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. मग त्याला खुपत काय होतं? ती कुठे जाते हे त्याला सलत नव्हतं, कुणाबरोबर जाते तेही तितकंसं नाही. तिच्याकडे एक अख्खं शहर होतं, नद्या, पूल, टेकड्या यांच्यासकट, आणि तो त्या शहरात सिग्नलला उभा असलेला एक अनोळखी माणूस होता. बाकीच्या नवऱ्यांचं बरं असतं. त्यांना संशय घ्यायला निदान माणूस मिळतो.

दुपारच्या सुट्टीत गुणवंत डबा घेऊन समोर बसला. गुणवंत नागपूरचा, त्याच कंपनीतला, राहायलाही दोन गल्ल्या सोडून. "अरे सत्या," तो म्हणाला, "परवा आमच्या वीणाने वहिनींना बघितलं. एका बिल्डिंगच्या बोळात शिरल्या, एका म्हाताऱ्याबरोबर, आणि मागच्या बाजूने निघाल्या. दोघं चोरासारखे, चवड्यांवर. घर बघताय का तुम्ही?"

"त्राबूल असतात ते," सत्यजितच्या तोंडून निघून गेलं.

"काय असतात?"

"काही नाही. व्यायाम आहे एक."

"म्हातारा टोपी काढून वाळत घातलेल्या चादरींना नमस्कार करत होता म्हणे. बघ बाबा. नाही म्हणजे, वय झालंय त्याचं, घाबरायचं कारण नाही."

"घाबरतंय कोण?"

"तुझा डबा घाबरलाय. घास कमी झाला नाही त्यातला."

त्राबूल हा शब्द त्याला ठाऊक होता, कारण आदल्याच आठवड्यात टोकियोतल्या एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानातून त्याने लिआँचा नकाशा आणि एक इंग्रजी माहितीपुस्तक विकत घेतलं होतं. ते तो ऑफिसच्या बॅगेत ठेवी, घरी बाहेर काढत नसे. गाडीत नकाशाची घडी तळहाताएवढी करून तो एकेक वस्ती पाठ करी, परीक्षेला बसायचं असावं तशी. पश्चिमेला सोन, पूर्वेला ऱ्होन. सोनच्या पलीकडे सँ-जाँ, गंजलेल्या रंगाची उंच जुनी घरं, आणि त्या घरांच्या पोटातून आरपार जाणारे बोळ, तेच त्राबूल. पावसात रेशमाचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून हमाल त्यातून जात. सँ-जाँच्या डोक्यावर फूर्व्हिएर, पांढऱ्या चर्चची टेकडी. तिला तिथले लोक म्हणतात प्रार्थना करणारी टेकडी. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बेलकूरचा तांबड्या मातीचा चौक. पट्टीच्या उत्तरेला क्रुआ-रूस, काम करणारी टेकडी, विणकरांची. आणि ऱ्होनच्या पूर्वेला गिओतिएर, बाहेरगावाहून आलेल्यांची वस्ती. गिओतिएर वाचताना त्याला उगाच वाटलं की आपलं घर तिथे असणार. शिकण्याची त्याला सवय होती. आयुष्यात जे जे त्याच्याजवळ नव्हतं ते त्याने असंच पाठ करून मिळवलं होतं. महिन्याभरात तो डोळे मिटून स्टेशनपासून क्रुआ-रूसपर्यंत जाऊ शकत होता. पण डोळे मिटले की दिसायच्या त्या नुसत्या रेघा आणि नावं. तांबडा कोट कुठेच दिसत नसे. मग तो डोळे उघडी आणि समोरच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघत बसे.

एकदा जेवताना त्याने तिला पकडायचा प्रयत्न केला. "बेलकूरच्या चौकात तो घोड्यावरचा राजा आहे, त्याचं नाव काय ग?"

ती चकित झाली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. नंतर त्याने त्या उजळण्याची कितीदा तरी आठवण काढली. "तुम्हाला बेलकूर ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक असतं."

"राजा असेल. आम्ही तिथे बसतो नुसते. कबुतरं बघतो."

"म्हणजे नाव माहीत नाही."

"नाही," ती म्हणाली. उजळलं होतं ते विझलं. त्याला जिंकल्याचा आनंद झाला आणि त्याने भात पुन्हा वाढून घेतला.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी तो म्हणाला, "आज मी येतो." ती बूट घालत होती. तिने लेस बांधून पुरी केली, मग म्हणाली, "या की. पण तिथे ऑफिससारखं बोलू नका."

होरिबे-सान खाली फाटकाशी उभे होते. त्याला बघून त्यांनी टोपी काढली आणि नको तितकं वाकून म्हणाले, "सत्यजित-सान, लिआँत आपलं स्वागत आहे." त्याने ऑफिसातलं सगळ्यात ताठ जपानी काढून आभार मानले. मग तिघं निघाले. कालव्याच्या पुलावर म्हातारा थांबला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, आज सोन फार हिरवी आहे. पाणी खरंच हिरवं होतं. सत्यजित म्हणाला, "कालव्यात शेवाळ साचलंय," आणि सुप्रभाने लगेच टाळी वाजवली, "कॉफी!" रस्त्याकडेच्या यंत्रातून गरम कॉफीचे डबे काढून त्याने दोघांना दिले. सँ-जाँच्या बाजारगल्लीत तो लोणच्याच्या दुकानाला लोणच्याचं दुकान म्हणाला, पुन्हा कॉफी. आता कुणाला कॉफी नको होती, पण होरिबे-साननी तो डबा कोटाच्या खिशात घालून हात शेकत ठेवला. एका जुन्या इमारतीपाशी दोघं न बोलता आत वळले. जिन्याखालून अंधारा बोळ, सायकली, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून माशाचा वास, वरच्या गॅलरीत गादी बडवणारी एक बाई. होरिबे-साननी तिला मान लववली, तिनेही लववली. सुप्रभा पुढे होती. त्या अरुंद जागेत चालताना तिने एक हात भिंतीला लावला होता. नुसता टेकवलेला, अंधारात आपल्या घरातल्या माणसाच्या पाठीला लावावा तसा. बोळ संपल्यावर एकदम उजेड आला आणि तिने मागे वळून पाहिलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं. आपल्यामागे सत्यजितही आहे हे आठवायला तिला एक श्वास लागला. तो श्वास त्याने मोजल्यासारखा ऐकला.

त्याला वाटलं होतं, एकदा आपण आत शिरलो की हे कोडं सुटेल. उलट तो आणखी बाहेर पडला. दोघांत बोलणं फारसं नव्हतंच. ते थांबत एकाच ठिकाणी, पुन्हा चालायला लागत एकाच वेळी. संसाराला चौदा-पंधरा वर्षं झाली तरी स्टेशनवर ती आणि तो नेहमी एकमेकांच्या पुढे-मागे पडत. शेवटी एक चढ लागला. देवळाच्या टेकडीला, त्यांच्या फूर्व्हिएरला, वळसा घालून मागच्या बाजूने वर जाणारा, दोन्हीकडे लहान लहान कारखाने. धंदा बसल्यापासून त्यातले अर्धे बंद. पत्र्याचे दरवाजे ओढलेले, गंजाचे ओघळ आलेले. वरती एक रिकामा पडलेला कारखाना होता, अंगाने अरुंद पण छत फार उंच, आणि वर ओळीने मोठमोठ्या खिडक्या. सुप्रभा त्याच्या फुटक्या काचेपाशी जाऊन उभी राहिली.

"क्रुआ-रूस," होरिबे-सान सत्यजितला हळूच म्हणाले. "इथे त्या जरा वेळ थांबतात."

आणि मग ती बोलायला लागली. जपानीत, कारखान्यातल्या बायकांच्या त्या साध्या जपानीत, कुणाला सांगतेय असं नाही, तरी म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. आज मधला माग रिकामा आहे, ती म्हणाली. कोपऱ्यातल्यावर हिरवा पदर चढलाय. अण्णा पोपटाचा डोळा विणताना श्वास धरायचे, माहीत आहे ना. डोळा चुकला तर सगळा पक्षी आंधळा. म्हणून ते श्वास धरायचे, आणि मग आम्ही पोरं पण धरायचो. मी मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून रेशमाच्या कांड्या भरत बसलेली असायची. आई चुलीपुढे, तीसुद्धा फुंकणी खाली ठेवायची. घरभर कुणी श्वास घ्यायचं नाही. डोळा झाला की अण्णा खोकायचे, मग सगळे एकदम हसायचो.

तिच्या माहेरी, येवल्याला, सत्यजित दोनदा गेला होता. साखरपुड्याला आणि सासरे, तिचे अण्णा, गेले तेव्हा. मागाची खोली त्याने पाहिली होती, तिथे पाहुण्यांच्या चपला काढल्या होत्या. ऑफिसात कुणी विचारलं तर तो म्हणे, "मिसेसच्या माहेरचा सिल्कचा बिझनेस आहे." ती शेजारी उभी असे आणि हसे. पोपटाचा डोळा, धरलेला श्वास, यातलं एक अक्षर तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. आणि ते इथे, या गंजक्या पत्र्यापाशी, एका परक्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं, इतकं जुनं ठाऊक, की ती "माहीत आहे ना" म्हणत होती.

त्याने खांद्याला लावलेल्या ऑफिसच्या बॅगेतून नकाशा काढला. आपले हात हे करतायत हे त्याला दिसत होतं. "माफ करा," तो म्हणाला, "पण हे चुकलंय." त्याने नकाशा झटकून उलगडला, वाऱ्याने तो फडफडला. "क्रुआ-रूस दोन नद्यांच्या मध्ये आहे. इथे बघा. तुम्ही ती सोनच्या पलीकडे आणून ठेवलीत, फूर्व्हिएरच्या मागे. तिथे काही नाही, असली तर शेतं असतील. टेकडी चुकीच्या काठावर आहे. आणि हा स्क्रूचा कारखाना आहे. तिथे पाटी आहे, हे बघा, स्क्रू."

कुणी "कॉफी" म्हणालं नाही. सुप्रभा काचेपासून बाजूला झाली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. होरिबे-साननी चष्मा बदलला, नकाशा दोन्ही हातांत घेतला आणि फार वेळ बघत राहिले. बोटाने त्यांनी बेलकूर शोधलं, मग तिथून जवळची एक गल्ली, आणि बोट तिथेच ठेवून दिलं.

"सत्यजित-सान, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मधल्या पट्टीत इथे कावासाकीत रेल्वेचं आवार आहे, वर मोठा पूल. तिथे टेकडी करता येईना. म्हणून तुमच्या पत्नींनी ती इथे आणली."

"हिने?"

"मी बेलकूरजवळ राहत होतो. कंपनीचा तरुण माणूस, गळ्यात टाय. क्रुआ-रूसवर मी दोनदाच गेलो असेन, साहेबांच्या मोटारीतून. विणकराच्या घरात पाय ठेवला नाही. रेशीम आम्ही खरेदी करायचो, ते कोण विणतं हे बघायची आमच्यात पद्धत नव्हती." त्यांनी नकाशाची घडी नीट घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि दोन्ही हातांनी परत दिली. "ही टेकडी मला तुमच्या पत्नींनी दाखवली. माझ्या लिआँत ती नव्हती."

परतताना कुणी कशाला कुठलंच नाव दिलं नाही. संध्याकाळची घंटा खांबांवरच्या भोंग्यांतून वाजली, भाजक्या रताळ्यांची गाडी गाणं लावून गेली. फाटकाशी होरिबे-सान पुन्हा वाकले. त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते संत्र्यांची पिशवी घेऊन दारात आले. आत यायला तयार झाले नाहीत. गुडघे त्रास देतायत, थंडी वाढली, डॉक्टर आता नको म्हणतात. "फार दिवस मी तुमच्या पत्नींचा वेळ घेतला. यापुढे तुम्ही दोघांनी चालावं." सत्यजितने अशा वेळी बोलायची सगळी वाक्यं बोलून दाखवली, एकही चुकलं नाही. सुप्रभा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. दार लागल्यावर ती म्हणाली, "त्यांना काही बोललात का तुम्ही?"

"नाही. शपथ."

"मग न बोलता बोललात," ती म्हणाली. "इथली माणसं ते लवकर ऐकतात."

पुढचा शनिवार आला, ती गेली नाही. त्याने कोट घातला, म्हणाला, "चल, जाऊ या." ती म्हणाली, "कुठे?" त्याने कोट काढून ठेवला. तिने कारखान्यात शनिवारचीही पाळी मागून घेतली. घरात सगळं व्यवस्थित होतं. आमटी होती, इस्त्रीचे शर्ट होते, ओजसशी गप्पा होत्या. ती त्याच्याकडे बघत होती, त्याला ओळखत होती, हाकेला ओ देत होती. त्याला हवं होतं ते सगळं परत मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन तो बसून होता. जिंकल्याचा आनंद फार तर एक दिवस टिकला. म्हातारा बाजूला झाला की मत्सरही बाजूला होईल अशी त्याची कल्पना होती. पण मत्सर होताच, फक्त आता त्याला टेकायला जागा नव्हती. रात्रंदिवस घरातच हिंडत होता. ती भांडी घासताना खिडकीबाहेर बघे तेव्हा तो तिच्या नजरेच्या टोकाला काय आहे ते बघायला जाई, तर तिथे समोरच्या इमारतीची गॅलरी असे, नुसती गॅलरी, तिचं काहीही झालेलं नसे. हे बघून त्याला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटत नसे. तिला बोलावणारं ते शहर त्याला नको होतं, आणि आता ते नाही म्हटल्यावर ती त्याच्याकडे येईल हेही खोटं ठरलं होतं. ती कुठेच गेली नव्हती. जिथे असायची तिथून उठून गेली होती, एवढंच.

एका रविवारी दूध आणतो सांगून तो बाहेर पडला आणि कालवा ओलांडून त्या चढावर गेला. का गेला ते त्याला माहीत नव्हतं. नकाशा त्याने घरीच ठेवला होता. फुटक्या काचेपाशी तो तिच्यासारखा उभा राहिला. आत सिमेंटची जमीन, तेलाचे डाग, भिंतीशी लोखंडी मांडणी. माग दिसावा म्हणून त्याने जोर लावून पाहिलं. दिसला नाही. स्क्रूचा कारखाना होता तो. तो निघणार एवढ्यात ढग सरकला आणि वरच्या खिडकीतून उन्हाचा एक लांब पट्टा उतरून जमिनीवर पडला, धूळ त्यात हलू लागली, आणि त्याला काही दिसलं नाही तरी एक प्रश्न पडला. आपल्याला हिच्याबद्दल प्रश्न पडला, ही गोष्टच इतकी नवी होती की तो तिथे बराच वेळ उभा राहिला. घरी येईपर्यंत तो हा प्रश्न सांडू नये म्हणून जपून चालत होता. दूध आणायचं राहिलं.

ती जमिनीवर बसून ओजसच्या स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. तो समोर बसला. बूट काढले होते, कोट तसाच होता.

"उजेड कुठल्या बाजूने यायचा ग?"

"कुठे?"

"तुमच्या घरी. येवल्याला. अण्णा मागावर बसले की."

तिची सुई थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला नजर पुढे गेली नाही, पण तीत ते उजळणंही नव्हतं. ती त्याला नीट बघत होती, बाजारात वस्तू उलटसुलट करून बघतात तशी.

"होरिबे-साननी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं," ती म्हणाली.

त्याला वाटलं होतं, हा प्रश्न त्याचा आहे. त्या चढावर एकट्याने उभं राहून त्याने तो मिळवला होता. आता कुणीतरी त्यातलं पाणी ओतून घेऊन रिकामं भांडं हातात द्यावं तसं झालं. उठून जावंसं वाटलं. तो उठला नाही.

"डावीकडून," सुप्रभा सांगू लागली. "डावीकडे वर एक झरोका होता. सकाळी उजेड आधी अण्णांच्या हातावर यायचा, मग जरीवर, आणि जेवणवेळेपर्यंत माझ्या पायांवर." ती सांगत गेली. शब्द एकामागून एक आपापल्या जागी येत होते. कुठे थांबायचं ते ठरलेलं, कुठे आवाज खाली आणायचा ते ठरलेलं. वापराने गुळगुळीत झालेलं होतं ते सगळं. मध्ये एकदा ती हसली, आणि ते हसणंसुद्धा आधी एकदा, दुसऱ्या कुणासमोर, हसून झालेलं आहे, हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. सांगून होता होता ती थांबली, सुईत दोरा ओवायला लागली, पुढचं सांगावं की नाही अशी. त्याने कोटाच्या खिशात मूठ आवळली होती. ती त्याने सोडली.

"मग?" तो म्हणाला.